कोंबडखडकाची पिल्लं

झेलिफाला मी वहिनी म्हणतो. तिचा नवरा बाउलेनी आणि मी एकाच वर्षी मासे-केंद्रावर लागलो आणि पुढे बारा वर्षं एकाच होडीतून सरोवरात गेलो. केंद्र म्हणजे काठावरच्या सिमेंटच्या टाक्या, काचेच्या पेट्यांची एक लांब खोली आणि मासे पिशव्यांत बांधायची शेड. सरोवरातल्या खडकांवरचे रंगीत मासे जिवंत पकडायचे, काही दिवस टाकीत ठेवायचे आणि पाण्याच्या पिशवीत हवा भरून परदेशी धाडायचे. तिकडे लोक ते घरात काचेच्या पेटीत ठेवून बघत बसतात. मासा खायचा नाही, नुसता बघायचा, यावर आमच्या गावातल्या म्हाताऱ्या अजून हसतात.

काठापासून दीड तासावर पाण्यात एक खडक आहे. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखा दिसतो, म्हणून कोंबडखडक. त्याच्या पायथ्याशी करंगळीएवढा एक मासा राहतो. माद्या आणि पिल्लं पिकल्या पपईसारखी पिवळी, नर मोठा झाला की निळा. त्या एका खडकाखेरीज तो मासा दुसरीकडे कुठेच नाही. म्हणून त्याला मागणी फार.

ऑगस्टात दक्षिणेकडून येणारा म्वेरा वारा दोन दिवस पडला होता, तेव्हा आम्ही तिथे गेलो. बाउलेनी खाली उतरायचा आणि मी होडीत हवेचं यंत्र सांभाळायचो. यंत्र पेट्रोलवर चालतं, लांब नळीतून खाली हवा जाते. दोन डुबक्या झाल्या. तिसरीच्या आधी पेट्रोल बघून भरायचं, हे माझं काम. मी बघितलं नाही. पुरेल असं वाटलं, आणि टबातले मासे निवडायला बसलो. बाउलेनी दहा-अकरा पुरुष खोल, जवळजवळ तासभर खाली होता, तेवढ्यात यंत्र दोनदा खोकलं आणि बंद पडलं. मी यंत्राची दोरी ओढत राहिलो. तो एका श्वासात वर आला.

पाण्यावर डोकं काढून तो हसला. म्हणाला, "तुझं यंत्र झोपलं की रे."

होडीत चढल्यावर पाठ खाजते म्हणाला. मग पायांत मुंग्या आल्या म्हणाला. काठ दिसायला लागला तेव्हा मी त्याला उठ म्हटलं, तर त्याला उठता येईना. कमरेखाली काहीच जाणवत नव्हतं.

मोठ्या शहरातल्या दवाखान्यात त्याला नेलं. खोल पाण्यातून एकदम वर आलेल्या माणसाला ज्या यंत्रात ठेवतात, ते यंत्र आमच्या आसपासच्या मुलखात नव्हतं. दीड महिन्याने तो घरी आला तो गाडीच्या मागच्या बाजूला चटईवर आडवा.

केंद्राचे साहेब म्सोसा विचारायला आले, तेव्हा बाउलेनी त्यांना म्हणाला, "चूक माझीच, साहेब. मासे दिसत होते, हाव सुटली. फार वेळ राहिलो."

ते गेल्यावर मी त्याच्याकडे बघितलं. तो छताकडे बघत म्हणाला, "तू गप्प राहायचंस. एक चूल विझली तेवढी पुरे. तुझी विझवून माझे पाय येणार आहेत का?"

मी गप्प राहिलो. त्याने सांगितलं म्हणून राहिलो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं समजावलं. पण मला ते सोयीचंही होतं.

आमच्यात नवरा बायकोच्या गावी येऊन राहतो. घर तिच्या आईच्या माणसांचं, शेत त्यांचं, आणि शब्द मामाचा. झेलिफाचे मामा, चाड्झा, मान ताठ असलेला म्हातारा. बाउलेनी घरी येऊन महिना झाला नसेल, मामा येऊन ओट्यावर बसले. मीही तिथेच होतो. झेलिफाने आमच्यापुढे मक्याच्या पिठाची न्सिमा आणि भाजी ठेवली.

मामा खाऊन हात धुऊन मग बोलले. "पोरी, घरजावई कशासाठी आणतात? कुदळ धरायला. हा कुदळ धरणार आहे का?"

"नाही," झेलिफा म्हणाली.

"मग त्याच्या माणसांना निरोप धाड. त्यांचं लेकरू त्यांनी सांभाळावं. त्यात त्याचा अपमान नाही, रीतच आहे."

"तो आत जागा आहे, मामा. ऐकतोय."

"ऐकू दे. हावरटपणा कुणी केला? मासा दिसला म्हणून पाण्यातच घर बांधायचं असतं का? स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय त्याने."

मी न्सिमेचा गोळा हातात तसाच धरून बसलो होतो. बोलायची वेळ तीच होती, आणि मी बोललो नाही.

झेलिफाने भांडी उचलली. "त्याचे पाय होते तेव्हा बावीस वर्षं त्याने तुमच्या शेतात कुदळ मारली," ती म्हणाली. "आता मी मारेन. शेतावर मारेन नाहीतर दुसरीकडे मारेन. त्याला कुठे धाडायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ती केंद्रावर आली. म्सोसासाहेब भला माणूस, पण नियमाचा. ते म्हणाले, "बाई, वर्गणी काढू आम्ही. मका देऊ."

"मका माझ्याकडे आहे. काम द्या."

"बायकांना इथे काय काम?"

"ती हिरवी झालेली टाकी बायकांनी घासली तर फुटेल का?"

साहेबांनी टाकीकडे बघितलं, ती खरंच हिरवी होती. त्या दिवसापासून झेलिफा टाक्या घासायला लागली.

आता त्या माशाची एक गोष्ट सांगायला हवी. त्याची मादी अंडी तोंडात ठेवते. अंडी तोंडातच फुटतात, पिल्लं तोंडातच वाढतात. तीन आठवडे ती काही खात नाही, नुसती त्यांना तोंडात हलवत, घोळवत राहते. पण जाळ्यात सापडलेली मादी घाबरते आणि वेळेआधीच सगळं थुंकून टाकते. पोटाला बलकाची पिवळी गाठोडी लोंबणारी ती पिल्लं, त्यांना पोहता येत नाही, तळाशी पडून थरथरत असतात. आम्ही ती मोठ्या माशांच्या टाकीत ओतून द्यायचो. इतकी वर्षं तेच करत होतो. त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलं नव्हतं.

झेलिफाने एक दिवस घासायच्या टबात ती बघितली. मला हाक मारून म्हणाली, "भावोजी, ही मेलेली नाहीत."

"मरतील. आईच्या तोंडाबाहेर ती जगत नाहीत."

"कुणी जगवून बघितलंय?"

कुणी बघितलं नव्हतं. तिने ती ॲल्युमिनियमच्या ताटलीत काढली आणि खिडकीत ठेवली. तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर कापसासारखी बुरशी धरली आणि सगळी मेली. पुढच्या खेपेला तिने पाणी दिवसातून चारदा बदललं. तरी बुरशी आली, थोडी उशिरा आली इतकंच.

बाउलेनी त्या दिवसांत कुणाशी बोलत नव्हता. मी गेलो की भिंतीकडे तोंड करायचा. झेलिफा रोज संध्याकाळी दिवसभराचं सगळं त्याला सांगायची, तो ऐकतोय की नाही हे न बघता. असंच एकदा तिने मेलेल्या पिल्लांचं सांगितलं, आणि तो भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "तू त्यांना पडू देतेस."

"म्हणजे?"

"ती आई कधी थांबते का? मी खाली तासंतास बघितलंय. जबडा चालूच असतो तिचा. पिल्लू एका जागी पडून राहिलं की कुजतं." मग म्हणाला, "माझी पाठ बघ. पडून राहिल्याने काय होतं ते."

त्याच्या पाठीला तेव्हा जखमा धरायला लागल्या होत्या.

पुढची पिल्लं आली, एकोणीस. झेलिफाने ताटली हातात घेतली आणि सुपात मका पाखडताना जशी लय धरतात, तशी ती हळूहळू हलवत बसली. पिल्लं गोल फिरायला लागली, एकमेकांवरून घरंगळायला लागली. पण तिला टाक्या घासायच्या होत्या. दिवसभर ताटली कोण हलवणार? संध्याकाळी तिने साहेबांना विचारून सरोवराच्या पाण्याची बादली डोक्यावर घेतली, ताटली हातात धरली आणि घरी गेली. बाउलेनीला भिंतीशी टेकवून बसवलं आणि ताटली त्याच्या मांडीवर ठेवली.

"हे काय?" तो म्हणाला.

"हात आहेत ना तुला?"

त्याने ताटलीकडे बघितलं. मग हलवायला लागला.

अकरा दिवस त्याने ती ताटली हलवली. झोपेपुरती झेलिफा घ्यायची, बाकी तोच. बादलीतलं पाणी सावलीत ठेवून, हात घालून ऊब सारखी आहे का बघून, थोडं थोडं बदलायचा. एक पिल्लू पांढरं पडलं तर काडीने ताबडतोब बाहेर काढायचा, म्हणजे बाकीच्यांना लागण होऊ नये. मी बघायला गेलो तर म्हणाला, "बस. पण ओट्यावर पाय आपटू नकोस. घाबरतात ती." ऑगस्टनंतर पहिल्यांदा त्याने मला बस म्हटलं.

चाड्झा मामा एकदा रस्त्याने जाताना थांबले. बघून म्हणाले, "वा. आमचा घरजावई मासे झोपवतो. अंगाई पण म्हणतोस का रे?"

बाउलेनी म्हणाला, "म्हणतो, मामा. तुम्हाला झोप येत नसेल तर तुम्हीही बसा."

मामा हसले नाहीत, पण काठी टेकत जरा वेळ उभे राहिले.

पोटाची गाठोडी जिरली आणि पिल्लं पोहायला लागली, सतरा. आता खाऊ घालायचं होतं, आणि इथे झेलिफा चुकली. उसिपा, आमची बोटभर सुकी मासळी, तिने कुटून वस्त्रगाळ करून चिमूटभर टाकली. पिल्लांनी खाल्ली. तिला बरं वाटलं, आणखी टाकली. सकाळी पाण्यावर तेलाचा तवंग होता, तळाशी उरलेलं कुजलं होतं आणि सतरातली नऊ मेली होती.

त्या दिवशी ती कामावर आली नाही. मी गेलो तर चुलीशी बसलेली. म्हणाली, "मी मारली. ओंजळभर माया केली आणि मारली."

आतून बाउलेनी म्हणाला, "खडकावर त्यांना कुणी ताट वाढतं का? दिवसभर शेवाळ टोकरत असतात. एक घास इथे, एक तिथे. थोडं घाल, आणि सारखं घाल."

मग तिने रीत बसवली. दिवसातून सात वेळा, पण दर वेळी नखाच्या टोकावर मावेल इतकंच. पिल्लं खातायत तोवर तिथेच उभं राहायचं. उरलेलं बारीक नळी तोंडाने ओढून काढायचं. रस्त्याकडेच्या ज्या डबक्यांत बदकं डुंबतात, त्यांत टाचणीच्या डोक्याएवढे उड्या मारणारे पाणकिडे असतात. ते कमरेला गुंडाळायच्या चितेंजेच्या फडक्यात गाळून आणायचे, स्वच्छ पाण्यात धुवायचे आणि घालायचे. जिवंत किडा उरला तरी कुजत नाही, उलट पिल्लं त्याच्यामागे धावतात आणि तगडी होतात. कोरड्या दिवसांत डबकी आटली की उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक, फडक्यातून दाबलेला, तोही मसुराच्या दाण्याएवढाच.

त्या अंड्यावरून पाणवठ्यावर बोलणी झाली. शेजारीण म्हणाली, "नवऱ्याला नुसती न्सिमा आणि माशांना अंडं. पुढच्या जन्मी झेलिफाच्या घरचा मासा व्हावं बाई."

"होशील ग," झेलिफा म्हणाली. "पण सकाळी मी आंघोळ घालते नळीने, ती चालेल का?"

आठ पिल्लं वाचली. तीन महिन्यांत दोन बोटांच्या रुंदीएवढी झाली. म्सोसासाहेबांनी चष्मा काढून, पुसून, परत लावून ती बघितली. पुढच्याच आठवड्यात झेलिफाचं टाक्या घासणं सुटलं. काचेच्या खोलीचा अर्धा भाग तिला मिळाला. थुंकलेली पिल्लं आता कुणी फेकत नव्हतं, सगळी तिच्याकडे. कोवळी असली की बाउलेनीच्या ताटलीत जायची, पोहायला लागली की केंद्रावर परत यायची. मोठी आणि लहान एकत्र ठेवायची नाहीत हे तिचं ती शिकली. मोठी लहानांना खायला देत नाहीत, आणि फार लहान असलं तर त्यालाच खातात. दर पंधरा दिवसांनी ती सारखी सारखी निवडून वेगळी करायची. दुसरं वर्ष संपता संपता तिच्या टाक्यांत कोंबडखडकाचे एकशे साठ मासे होते, आणि त्यांतल्या माद्या आता स्वतः तोंडात अंडी धरत होत्या.

इकडे खडक मात्र रिकामा होत चालला होता. आम्ही तर नेतच होतो, आणि दुसऱ्या काठाचे लोक बारीक जाळी घेऊन यायला लागले होते. त्या वर्षी नोव्हेंबरात मी उतरलो. पूर्वी जिथे पिवळ्या ठिपक्यांनी खडक लपायचा, तिथे पाऊण तासात मला तीन मासे दिसले. वर येऊन मी साहेबांना सांगितलं. त्यांनी तिथलं पकडणं बंद केलं, पण बंद करायला उरलंच होतं काय?

म्हणजे तो मासा आता जवळजवळ झेलिफाच्या टाक्यांतच होता. आणि पुढच्या फेब्रुवारीत वादळ आलं.

तीन दिवस धो धो पाऊस पडला. विजेचे खांब आडवे झाले, पूल वाहून गेला. टाक्यांत बुडबुडे सोडणारं यंत्र विजेवर चालतं. ते नसलं की पाण्यातली हवा संपते आणि मासे वर येऊन तोंडं उघडायला लागतात. जनरेटर दुसऱ्या सकाळी डिझेल संपून बंद पडला. डिझेल आणायला रस्ता नव्हता. आम्ही सगळे, म्सोसासाहेबसुद्धा सदरा काढून, मगाने पाणी उचलायचं आणि हातभर उंचीवरून परत टाकीत ओतायचं, असं करायला लागलो. ओतलेल्या पाण्याबरोबर हवा आत जाते. टाक्या चाळीस, माणसं नऊ.

दुपारी पावसातून एक सायकल आली. चाड्झा मामांचा थोरला मुलगा हँडल धरून ढकलत होता, मागच्या कॅरिअरला बाउलेनी दोरीने बांधलेला, आणि तो पडू नये म्हणून मामा स्वतः चिखलातून त्याला धरून चालत होते. मामांनी कुणाकडे बघितलं नाही. म्हणाले, "घरी बसून ओरडत होता. कुठे ठेवायचा याला?"

झेलिफाच्या टाकीजवळ पोतं घालून बाउलेनीला बसवलं. त्याने पाण्याचा मग हातात घेतला. मी शेजारच्या टाकीवर होतो. तो माझ्याकडे बघून मोठ्याने म्हणाला, "या खेपेला हवा मी देतो, लेफानी. तुझ्या भरवशावर नको."

सगळे हसले. त्यांना वाटलं नेहमीची थट्टा. मीही हसलो आणि मान खाली घालून पाणी ओतत राहिलो.

त्या दिवशी आणि पुढचा सबंध दिवस त्याने ती टाकी सोडली नाही. खांदे त्याचे अजून पाणबुड्याचे होते. आम्ही आळीपाळीने बसत होतो, तो बसलेलाच होता. त्याच्या पुढच्या दुपारी डिझेल घेऊन होडी आली, तोवर केंद्रातले निम्म्याहून जास्त मासे गेले होते. कोंबडखडकाच्या एकशे साठपैकी शहात्तर वाचले. ते शहात्तर बाउलेनीच्या टाकीतले.

पण दोन दिवस ओल्या पोत्यावर बसल्याने त्याच्या जखमा उघडल्या. त्या पुन्हा भरल्या नाहीत. एप्रिलात ताप यायला लागला. जूनच्या थंडीत, मक्याची कणसं घरात आल्यावर, तो गेला. शेवटच्या आठवड्यातही ताटली मागायचा. झेलिफा पाणी घालून रिकामीच द्यायची, आणि तो ती हलवत पडून राहायचा.

रीतीप्रमाणे त्याची माणसं न्यायला आली. घरजावयाचं शरीर त्याच्या आईच्या गावी जातं. चाड्झा मामा उठून उभे राहिले आणि त्या माणसांना म्हणाले, "आम्ही त्याला एकदा धाडणारच होतो. हिने धाडू दिला नाही, ते बरं झालं. आता रीत म्हणून देतो आहे, नकोसा झाला म्हणून नाही. तिकडे तसं सांगा." मग ते शवाबरोबर चालत गावाच्या वेशीपर्यंत गेले.

माती झाल्यावर चौथ्या दिवशी मी झेलिफाकडे गेलो. ती अंगणात मका सोलत होती. मी समोर बसलो आणि तिला सांगितलं. पेट्रोलचं, यंत्राचं, सगळं. त्याने मला गप्प राहायला सांगितलं होतं तेही सांगितलं. ते सांगताना मला स्वतःचीच लाज वाटली.

तिचे हात थांबले नाहीत. तिने हातातलं कणीस पूर्ण सोललं.

मग म्हणाली, "किती पेट्रोल होतं?"

"माहीत नाही. बघितलंच नव्हतं."

"मामांनी त्याला हावरट म्हटलं, तेव्हा तू इथेच होतास. ह्याच ओट्यावर."

"हो."

"माझ्या हातची न्सिमा खात होतास."

"हो."

ती उठली, सोललेल्या दाण्यांची टोपली उचलली आणि आत गेली. दार लावलं नाही. पण परत बाहेरही आली नाही. मी ऊन कलेपर्यंत बसलो आणि निघालो.

चार महिने ती माझ्याशी बोलली नाही. मी समोर असलो तर दुसऱ्याला म्हणायची, "त्या होडीवाल्याला सांगा, ताजं पाणी हवंय." मी आणून द्यायचो. लोकांनी विचारलं, तिने कुणाला काही सांगितलं नाही. शेवटी मीच म्सोसासाहेबांकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यांनी मला यंत्रावरून काढलं, पाणबुडा म्हणून ठेवलं, कारण दुसरा नव्हता. मामांनाही सांगितलं. मामा एवढंच म्हणाले, "मेलेल्या माणसाला मी हावरट म्हटलं, ते तू माझ्या तोंडातून काढून देशील का?"

त्याच सुमारास झेलिफाने साहेबांकडे मागणी केली, की निम्मे मासे खडकावर परत सोडायचे.

"सोडू," साहेब म्हणाले, "आणि आठ दिवसांत कुणीतरी जाळं टाकेल. मग?"

ती मामांकडे गेली. चाड्झा मामा, पंचाहत्तरीचे, काठी घेऊन आमच्या काठाच्या तिन्ही गावांच्या प्रमुखांकडे गेले, मग होडीत बसून पलीकडच्या काठाच्या दोघांकडे गेले. काय बोलले ते मला ठाऊक नाही. परत आले तेव्हा कोंबडखडकाजवळ जाळं टाकायचं नाही, असं पाचही गावांत ठरलं होतं.

ऑक्टोबरात वारा पडतो, पाणी काचेसारखं होतं. एका सकाळी झेलिफा शेडमध्ये आली आणि सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

"उद्या खडकावर जायचंय. उतरायला दुसरा कुणी नाही."

"येतो."

"यंत्रावर मी बसेन."

होडी निघायच्या आधी तिने यंत्राच्या टाकीत काडी बुडवून पेट्रोल बघितलं. जादाचे दोन डबे स्वतः उचलून ठेवले. होडी खडकाशी लागली. मी पिशव्या घेऊन उतरत होतो, तेव्हा म्हणाली, "वर सावकाश ये. मध्ये दोरीला धरून थांब. मी नळी ओढून विचारेन, तू ओढून उत्तर दे."

अडतीस मासे होते. खाली जाऊन मी पिशव्या खडकाच्या फटींजवळ उघडल्या. ते लगेच बाहेर येईनात. टाकीत जन्मलेले, त्यांनी खडक कधी बघितला नव्हता. मग एक आला, शेवाळाला तोंड लावलं, मग दुसरा. मोकळ्या पाण्यात भरकटलेल्या दोघांना एका मोठ्या माशाने माझ्या डोळ्यांदेखत गिळलं. बाकीचे कपारींत शिरले.

मी दोरीला धरून वाटेत दोनदा थांबलो. दर थोड्या वेळाने नळीला हलका झटका यायचा, मी झटका परत द्यायचो.

वर आल्यावर मी तिला सगळं सांगितलं, दोन गेले तेही.

"दोनच ना," ती म्हणाली. खडकाकडे बघत बसली. जरा वेळाने तोंड फिरवून रडली. आवाज केला नाही. मी यंत्र बंद केलं आणि नळी गुंडाळली.

त्याला आता सात वर्षं झाली. खडकावर पिवळे मासे आहेत. पूर्वीइतके नाहीत, पण लहान-मोठे सगळ्या मापांचे आहेत, म्हणजे तिथे जन्मतायत. जाळं दोनदा पडलं, दोन्ही वेळा पलीकडच्या गावानेच ते कापलं. चाड्झा मामा गेल्या वर्षी गेले. म्सोसासाहेब निवृत्त झाले. झेलिफाकडे आता दुसऱ्या केंद्रांवरच्या बायका शिकायला येतात. पहिल्या दिवशी ती त्यांना काही शिकवत नाही. पाण्याने भरलेली ताटली हातात देते आणि सांडू न देता दिवसभर हलवायला लावते. निम्म्या दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

ती माझ्याशी बोलते. कामाचं बोलते, कधी पावसापाण्याचंही. मी तिला वहिनीच म्हणतो. ती मला भावोजी म्हणायची, ते तिने सोडलं, आता लेफानी म्हणते. मी तिची माफी मागितली नाही, तिने कधी तसा विषय काढला नाही.

तिची नजर आता अधू झाली आहे. ताटलीतली कोवळी पिल्लं तिला धड दिसत नाहीत, म्हणून मोजायला मला बोलावते. परवा एका मादीने थुंकलेली पिल्लं आली. मी वाकून मोजली आणि बावीस म्हणालो.

"परत मोज," ती म्हणाली.

परत मोजली. तेवीस होती.